दोरीपलीकडचा पलंग

हे दोरी ओलांडून पलीकडे गेले आणि पंतप्रधानांच्या पलंगावर आडवे झाले, तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात पंतप्रधानांच्या बायकोचा फोटो शोधत होते. मोठ्या माणसांच्या अशा जतन केलेल्या घरांमध्ये बायकोचा फोटो बहुधा स्वयंपाकघरात नाहीतर जिन्याखाली असतो, म्हणून मी आधी तिथेच जाते. फोटो सापडला. बाई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या आणि खुर्चीत पंतप्रधान बसले होते, म्हणजे तोही तसा त्यांचाच फोटो. बाईंचा चेहरा नीट बघावा म्हणून मी चष्मा पुसून वाकले, तेवढ्यात निळ्या कोटातली रखवालदारीण जिना उतरून आली आणि म्हणाली, "राखाडी स्वेटरवाले आजोबा तुमच्याबरोबरचे का?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिला पुरून उरले असते; सरकारी इस्पितळात उभं आयुष्य एक्स-रे काढण्यात गेलं, रागावलेली माणसं मला नवीन नाहीत. तिच्या आवाजात कीव होती. ती ऐकली आणि मी जिना चढू लागले.

वरच्या झोपायच्या खोलीच्या दारात टोप्या घातलेलं एक तरुण जोडपं उभं होतं आणि त्यातल्या मुलाने फोन वर धरला होता. मी त्याचा हात खाली केला आणि आत बघितलं. यांनी बूट काढून पलंगाखाली एकमेकांना चिकटवून ठेवले होते, मोजे बुटांत खुपसले होते, पांढरी चादर छातीपर्यंत ओढून घेतली होती आणि आपला चष्मा उशाशी टेबलावर, पंतप्रधानांच्या चष्म्याला लागून ठेवला होता. रोज रात्री करतात तसं सगळं शिस्तीत. मला बघून म्हणाले, "अगं, किती वेळ लावलास. पडदा ओढ जरा, डोळ्यांवर येतंय." आणि मी काय करावं? मी दोरीवरून पाय टाकला आणि जाऊन पडदा ओढला. मागून रखवालदारीण कळवळून म्हणाली, "बाई, निदान तुम्ही तरी नका हो." मला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही, पण त्याआधी मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. किती तरी महिन्यांत यांनी मला उशीर का केलास म्हणून विचारलं नव्हतं. घरी मी खोलीत आले काय, गेले काय, यांची मान वर होत नाही. इथे, या परक्या पलंगावर, हे माझी वाट बघत होते.

उठवायला वेळ लागला. "चला, निघायचंय," मी म्हटलं. "कुठे?" "घरी." यांनी खोलीवरून नजर फिरवली, छताकडे बघितलं आणि अगदी समजूतदारपणे विचारलं, "मग हे काय आहे?" दारातलं जोडपं हसलं. शेवटी मी इस्पितळातला आवाज काढला, ज्या आवाजात मी माणसांना शर्ट काढा, हनुवटी वर घ्या, श्वास रोखा म्हणून सांगायचे, आणि हे उठले. रखवालदारणीने दोन्ही चष्मे हातात घेतले आणि ती गोंधळली. "यातला पंतप्रधानांचा कुठला?" तिने मलाच विचारलं. यांच्या चष्म्याची काडी मी काळ्या दोऱ्याने बांधली होती, त्यावरून मी ओळखला. नाहीतर त्या दिवसापासून लोक यांचाच चष्मा भक्तिभावाने बघत राहिले असते आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

बसमध्ये हे खिडकीशी बसले आणि लगेच झोपले. मागचे केस उशीवर दबून चपटे झाले होते. मला आठवलं, पंतप्रधान त्या पलंगावर गेले नव्हते, आमच्या इस्पितळात गेले होते, आणि त्यांच्या छातीचा शेवटचा एक्स-रे मीच काढला होता. मोठे मोठे डॉक्टर बाहेर घोळका करून उभे, आणि आत फक्त मी आणि तो थकलेला माणूस. श्वास रोखा म्हटलं तर त्यांना रोखता येईना. त्यांचा तो एक फोटो कुठल्याच भिंतीवर नाही. म्हातारपणी माणसं कशी सगळी एकसारखी दिसतात, आतून तर विशेषच. यांच्या डोक्याचा फोटो मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी उजेडावर लावला होता, तेव्हा त्या तोंड उघडण्याआधीच मला सगळं समजलं होतं, आणि त्या बोलेपर्यंत मी पर्सची चेन उघडबंद करत बसले होते. बाई तशा चांगल्या. मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "जोवर त्यांना स्वतःचं घर ओळखता येतंय, तोवर घरासारखं औषध नाही. पण घर परकं वाटायला लागलं, की माणूस घर शोधायला बाहेर पडतो. तेव्हा एकटीने हट्ट धरू नका." मुलगी शेजारीच बसली होती. तिने ते वाक्य असं काही उचललं की नंतर दर फोनवर तेच. "आई, बाबांना घर कळतंय ना गं?" कळतंय म्हटलं की ती दुसरं बोलायची. तिने शहराबाहेर एक संस्था बघून ठेवली होती. बाग आहे, नर्स आहेत, रात्री दरवाजे बंद असतात. तिथे एक जागा रिकामी होतेय, असं तिने त्याच आठवड्यात कळवलं होतं. जागा रिकामी होतेय म्हणजे काय झालंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन आठवड्यांनी, रविवारी ती येणार होती, स्वतःच्या डोळ्यांनी बाबांना बघणार होती आणि मग काय ते ठरवणार होती.

घरं बघण्याचा नाद मला यांनीच लावला. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि रविवार अंगावर यायला लागला, तेव्हा एका सकाळी हे म्हणाले, "चल, कवीचं घर बघून येऊ." मी म्हटलं, आपल्या घरातला पसारा आवरत नाही आणि दुसऱ्यांची घरं कसली बघताय? पण गेले. राजधानीत मोठी माणसं येऊन राहतात आणि मरतात, त्यामुळे अशा घरांना तोटा नाही. कवीचं झालं, मग शास्त्रज्ञाचं, गायिकेचं, एका सेनापतीचं, ज्याची आंघोळीची खोली आमच्या दिवाणखान्याएवढी होती. सगळीकडे प्रकार एकच. माणूस आत्ता उठून शेजारच्या खोलीत गेलाय, येईलच इतक्यात, असं भासवायचं. पेनाचं टोपण काढलेलं, पुस्तक पालथं घातलेलं, खुर्ची जराशी मागे सरकवलेली. मला त्याचा भारी राग यायचा. किती वर्षं झाली जाऊन, सरकवा की आता ती खुर्ची आत. हे मात्र रमायचे. यांचा जन्म एका ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात गेलेला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, कशाला स्पर्श होऊ नये अशा बेताने उभे राहायचे आणि नुसत्या नजरेने खोली मोजायचे. माहिती सांगणारी मुलगी कवीच्या प्रेमभंगाबद्दल बोलत असायची आणि हे माझ्या कानाशी, "ती भिंत नंतरची आहे. इथे दार होतं." तिचं बोलणं संपलं की तिला जाऊन विचारायचे, आणि बहुतेक वेळा भिंत नंतरचीच निघायची. घरी परत आलो की चहा पिता पिता आमच्या तीन खोल्यांची उलटतपासणी सुरू. न्हाणीघराचं दार चुकीच्या बाजूला उघडतं. स्वयंपाकघराला उजेड नाही. ज्याने हे घर काढलं त्याला स्वयंपाक करणारी बाई कधी दिसलीच नसावी. दर दोनतीन वर्षांनी हे जेवायच्या टेबलावर कागद पसरून आमच्यासाठी एक घर काढायचे, मला खिडकी केवढी हवी ते विचारायचे, आणि आठवडाभराने कागद फाडून टाकायचे. शेवटचं घर दोन मजली होतं. मी बघितलं तर त्याला जिनाच नव्हता. "वर कसं जायचं हो?" मी विचारलं. यांनी कागद बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "वर राहणारे वरच राहतील." मी खूप हसले. थट्टाच वाटली मला, यांना तशी सवय होती. आता त्या हसण्याची आठवण आली की अंगावर काटा येतो.

पलंगाचं मुलीला सांगितलं नाही. मुद्दामच नाही सांगितलं. मी काही भाबडी नाही; यांना सांभाळणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, कंबर आणि झोप दोन्ही गेली होती. यांच्याशिवाय मी जगू शकणार नाही असंही नाही, बायका जगतात, चांगल्या जाड होतात. पण मला यांना सांगितल्याशिवाय काही बघताच येत नाही. रस्त्यात नवं दुकान दिसलं, कुणी वेडीवाकडी गाडी लावून गेला, की माझ्या मनात लगेच वाक्य तयार होतं, आणि त्या वाक्याच्या सुरुवातीला 'अहो' असतं. हे नसले तर त्या 'अहो'चं मी काय करायचं? मुलीला हे सांगता आलं नसतं. ती म्हणाली असती, आई, तू रोज भेटायला जा की. म्हणजे मी दिवसभराच्या साऱ्या गोष्टी गाठोडं बांधून घेऊन जायच्या आणि नर्सच्या देखत सोडायच्या.

पण त्या दिवसानंतर घरात काहीतरी बिनसलं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. हे शांत झाले होते, अंगावर ओरडेनासे झाले होते, आणि मला वाटलं गोळ्या लागू पडल्या. मग एकदा मी भाजी घेऊन आले तर हे दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. खुर्ची रिकामी होती, तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून हे तिच्याकडे बघत होते. बघून झाल्यावर हळूच कपाटाशी गेले आणि कपाटाच्या कडेला वाकून काहीतरी शोधू लागले. तिथे काय शोधताहेत ते मला कळेना. कळलं तेव्हा मी भाजीची पिशवी तशीच हातात धरून जमिनीवर बसले. मोठ्या माणसांच्या घरांमध्ये ज्या ठिकाणी पाटी असते, कोणत्या लाकडाचं, कोणत्या सालचं, कुणी वापरलं, त्या ठिकाणी हे पाटी शोधत होते. त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. खुर्चीत बसले तरी टोकावर बसायचे, बसू दिलं म्हणून बसल्यासारखे. पाणी हवं असलं तर माठाशी जाऊन उभे राहायचे आणि माझ्याकडे बघायचे. रात्री पलंगाला वळसा घालून जायचे, आणि मी हाताला धरून निजवलं की चादरीवर हात न ठेवता, छातीवर घडी घालून पडून राहायचे. बायको म्हणून इतकी वर्षं एका घरात काढली, पण इतकं सभ्य वागताना मी यांना कधी बघितलं नव्हतं. त्या सभ्यपणाने माझा जीव घाबरा व्हायला लागला. कधी वाटायचं, या माणसाने हे घर कधी आपलं मानलंच नव्हतं की काय? दार चुकीचं उघडतं, भिंत ओलसर आहे, उजेड नाही. सगळं आयुष्य हे इथे चुका काढत राहिले, चुका तर माणूस दुसऱ्याच्या घराच्या काढतो. आणि मग वाटायचं, नाही, चुका काढायला हक्क लागतो. आता काढत नव्हते. आता हे नुसते बघत होते.

मी कंबर कसली. रविवार यायच्या आत यांना घर पुन्हा पटवायचं, बस्स. इस्पितळात म्हाताऱ्या माणसांना मी एकेक गोष्ट दहादा सांगून करून घ्यायचे, न चिडता, तीच रीत. सकाळी चहा झाला की यांचा हात धरायचा आणि तो हात वस्तूवर ठेवायचा, कारण डोळ्यांपेक्षा हाताला जास्त लक्षात राहतं असा माझा समज. "ही खुर्ची कुणाची?" "कुणाची?" "आपली. खिडकीशी का ठेवलीय? सकाळी पेपर वाचायला उजेड मिळतो म्हणून. सांगा बघू." यांनी सांगितलं. पहिल्यांदा हात आखडून घ्यायचे, भाजल्यासारखा, आणि दाराकडे बघायचे, कुणी रागावेल म्हणून. मग सवय झाली. दिवाणखान्याच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, मुलीची उंची यांनी दर वाढदिवसाला पट्टी लावून काढलेली, त्यांच्यावरून बोट फिरवून मी म्हणायचे, "ही ठकीची उंची. ठकी म्हणजे आपली मुलगी. ही रेघ आजारातून उठली तेव्हाची, म्हणून मागच्या रेघेला इतकी चिकटून आहे." हे लक्ष देऊन ऐकायचे. मान एका बाजूला झुकवून, मधे न बोलता. पुढे पुढे प्रश्न विचारू लागले. कपाट कुठून आणलं, आरसा फुटला कसा, टेबलावरचा डाग कशाचा. मी हरखून गेले. किती दिवसांनी यांना कशात तरी रस वाटत होता. आरसा मी रागाच्या भरात घड्याळ फेकलं तेव्हा फुटला, हे सांगितलं तर हे चुकचुकले आणि म्हणाले, "तापट होत्या म्हणजे." मी म्हटलं, हो, आहेच मी तापट. यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं आणि सौजन्याने मान डोलावली. ते बघणं मला खुपलं. तो सूर माझ्या ओळखीचा होता, मान झुकवायची ती ढबही ओळखीची होती, आणि त्यांचा अर्थ माझ्या मनाच्या कडेला येऊन उभाही राहिला होता. मी कानाडोळा केला. माणसाला गरज असली की त्याला हवं तेवढंच दिसतं; पाठ होतंय ना, मग झालं.

रविवारी मुलगी फळांची मोठी पिशवी घेऊन आली. जिना चढून दमली होती, डोळ्यांखाली काळं होतं, आणि दारातच तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तिची दया आली. तिलाही हे करायचं नव्हतं. कुणी तरी करायला हवं म्हणून ती करत होती. हे आतून आले. मी इस्त्री करून दिलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते. "या, या," हे म्हणाले, "उन्हातून आलात." मुलीचा चेहरा पडला. मी पुढे होऊन म्हटलं, "लेकीला अहो-जाहो करतायत बघ, फिरकी घ्यायची सवय काही जात नाही." हे हसले, मुलगीही हसली. मग मी यांना म्हटलं, "तिला घर दाखवा ना. किती दिवसांनी आलीय." आणि मागे सरले.

यांनी दाखवलं. एकही गोष्ट चुकली नाही. "हे आपलं घर," यांनी सुरुवात केली, आणि आवाज असा स्वच्छ लागला की मला भरून आलं. "ही आपली खुर्ची. खिडकीशी ठेवली, कारण सकाळी पेपर वाचायला उजेड मिळतो. हे कपाट जुन्या बाजारातून आणलं, जिन्यात अडकलं तेव्हा खालच्या माणसाने वर ढकलायला मदत केली. इकडे या. न्हाणीघराचं दार चुकीच्या बाजूला उघडतं, सांभाळून." मुलगी यांच्या मागे मागे चालली होती, लहानपणी चालायची तशी, एक पाऊल मागे. चौकटीशी हे थांबले आणि रेघांवर बोट न टेकवता नुसतं दाखवत म्हणाले, "इथे ठकीची उंची मोजायचे. ही रेघ आजारातून उठली तेव्हाची. म्हणून आधीच्या रेघेला इतकी चिकटून आहे." मुलीने तोंडावर हात घेतला. ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. हे जरा थांबले, तिला सावरायला वेळ दिला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या खोलीत जायचं?"

स्वयंपाकघरात मुलीने नळाखाली डोळे धुतले. "आई, मला आठवतही नव्हतं ते आजारपण. बाबांना आठवतंय." मी फळं धूत होते, मी वळले नाही. "त्यांना सगळं आठवतंय गं," ती म्हणाली, "मीच घाई केली. तू फोनवर सांगायचीस तर मला वाटायचं, तू लपवतेस." "मी कशाला लपवू?" मी म्हटलं. "संस्थेला नाही म्हणून कळवते. ते लगेच दुसऱ्या कुणाला तरी देतील जागा, पण जाऊ दे." तिने तिथेच उभ्याने फोन लावला. तीनचार वाक्यांत काम झालं. फोन ठेवल्यावर ती एकदम हलकी झाली, सफरचंदाची फोड तोंडात टाकली, ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवली, आणि मीही हसले. निघताना यांच्या पाया पडावं की गळ्यात पडावं असं तिचं झालं. शेवटी तिने यांचा हात दोन्ही हातांत धरला. "पुन्हा या," हे म्हणाले. ती त्यावरही हसली. मी गॅलरीतून तिला बस थांब्याकडे जाताना बघितलं. पिशवी रिकामी झाल्याने ती भराभर चालत होती. मी जिंकले होते. जे हवं होतं ते पदरात पडलं होतं, आणि मला नुसतं गाढ झोपावंसं वाटत होतं.

आत आले तर हे दिवाणखान्यात उभेच होते. चेहऱ्यावर कष्टाचं काम उरकल्याचं समाधान होतं. "व्यवस्थित झालं ना?" यांनी विचारलं.

"झालं की. अगदी छान सांगितलंत."

"त्या बाईंना आवडलेलं दिसलं. रडल्या त्या. काही लोक रडतात."

खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता. हे माझ्याजवळ आले, जरा संकोचून, एखादी आगाऊ गोष्ट विचारायची असल्यासारखे. "एक विचारू का? तुम्हाला इथलं सगळं माहीत आहे म्हणून विचारतो. बाहेरच्यांपुढे बरं दिसलं नसतं. या माणसांचं पुढे काय झालं?"

"कोणत्या माणसांचं?"

"इथे राहायची ती. दोघं. मुलगी बाहेरगावी गेली इथपर्यंत तुम्ही सांगितलंत. त्यानंतर?"

फोन टेबलावर होता. मुलगी अजून थांब्यावरच असणार, रविवारी बस उशिरा येते. मी फोनकडे बघितलं. तिला काय सांगायचं, तेही माझ्या मनात तयार झालं, पण ते वाक्य मला मुलीला सांगायचं नव्हतं. मला ते यांना सांगायचं होतं, अहो, ऐकलंत का, आपल्या घरी आज काय झालं. मी फोन उचलला नाही. "ती इथेच राहिली," मी म्हटलं. "शेवटपर्यंत इथेच होती."

"दोघंही?"

"दोघंही."

"चांगलं झालं," हे म्हणाले. एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, छतापर्यंत, आणि पटलं असावं, कारण मान हलवली. मग दाराशी जाऊन, स्टुलावर बसून, वाकून बूट घालू लागले. नाड्या बांधता येत नव्हत्या तरी नेटाने बांधत होते. मी जाऊन खाली बसले आणि बांधून दिल्या. "तुम्हाला उगाच त्रास," हे म्हणाले. "पण आता निघायला हवं. घरी बायको वाट बघत असेल."

माझे हात नाड्यांवरच राहिले. इतकं जवळून यांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. दाढी करताना गालावर थोडं कापलं होतं, ते मीच कापलं होतं. "कशी आहे हो तुमची बायको?" मी विचारलं.

यांनी मन लावून विचार केला. कुठून तरी लांबून काही येतंय आणि ते सांडू नये, असा चेहरा केला. "बोलते फार," हे म्हणाले, आणि हसले, आणि ते हसू इतकं जुनं, इतकं माझं होतं की मला पुढे होऊन यांचं तोंड धरावंसं वाटलं. "दिवसभर काय काय बघते आणि मला सांगते. मी गेलो नाही तर कुणाला सांगणार ती?"

मी उठले. दाराची किल्ली खिळ्यावरून काढली, दाराला आतून कुलूप घातलं, आणि किल्ली मुठीत धरून यांच्या शेजारी जमिनीवर बसले. हे थोडा वेळ कुलपाकडे बघत राहिले.

"बंद झालं वाटतं," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "बंद झालं."